बालवाडी शिक्षिका व्हायचंय, पण सराव कुठल्या वर्गात करायचा?

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, तीन ठिकाणी चौकशी केली. एका कोर्सची स्वतःची बालवाडी आहे. दुसरे म्हणतात, आम्ही तुला एखाद्या प्री-स्कूलमध्ये इंटर्नशिपला पाठवू. तिसरे घरबसल्या सहा महिन्यांत सर्टिफिकेट देतात. कुठे घेऊ अ‍ॅडमिशन?"

मी विचारलं, "मुलांसमोर तुझा सराव पाठ झाल्यावर यांच्यापैकी कोण तुझ्यासोबत अर्धा तास बसणार आहे?"

फी, कालावधी, नोकरीची हमी, साडीचा युनिफॉर्म आहे का, सगळं विचारून झालं होतं. हे विचारायचं राहिलं होतं.

पुस्तकी भाग कुठेही जा, थोड्याफार फरकाने तोच असतो: बालविकासाचे टप्पे, खेळातून शिक्षण, बडबडगीतं, शैक्षणिक साहित्य तयार करणं. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 साली तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला आणि 2022 मध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तेव्हापासून माहितीपत्रकांची भाषाही सारखी झाली आहे. खरा फरक दिसतो तो सराव पाठांत. तुमच्यासमोर कोणती मुलं बसतात, तुमच्या मागे कोण बसतं आणि मुलं घरी गेल्यावर तुम्हाला काय ऐकवलं जातं, या तीन गोष्टींत.

कोर्सची स्वतःची बालवाडी

मी अशा ठिकाणी शिकले, तेव्हा माझा कल आधीच सांगून टाकते. वर्ग खाली, आमचं प्रशिक्षण वर. सकाळी दोन-तीन तास मुलांसोबत, मग वर जाऊन चर्चा. पहिला महिना फक्त निरीक्षण पाठ. कोपऱ्यात बसायचं, मुलांशी बोलायचं नाही, दिसेल ते लिहायचं. "मूल रडत होतं" असं लिहिलं की मार्गदर्शिका वही परत द्यायच्या. किती वेळ रडलं? कुणी आल्यावर थांबलं? हातात काय होतं?

माझा पहिला पाठ गोष्टीचा होता. बोटबाहुल्या केल्या होत्या, टाचण (पाठाचा लेखी आराखडा) तोंडपाठ होतं, मुलं खुदुखुदु हसली. मला वाटलं, जिंकलं! नंतर बाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर वर्गाचं चित्र होतं, प्रत्येक मुलाच्या जागी एक गोल आणि मी ज्याच्याशी बोलले त्याच्या गोलात एक रेघ. दोन गोल रेघांनी काळे झाले होते. खिडकीजवळच्या चार गोलांत एकही रेघ नव्हती. "तुम्ही 'कोण सांगेल' असं नऊ वेळा विचारलंत," बाई म्हणाल्या, "आणि सात वेळा याच दोघांनी सांगितलं. खिडकीकडे तुमची पाठ होती." ओरडल्या नाहीत, शेराही लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी मी बसायची जागा बदलली. ती सवय अजून टिकून आहे.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केलं, तेव्हा मुलांची शाळा आणि शिक्षिका घडवण्याचं काम त्यांनी हातात हात घालूनच चालवलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकास विभागाची चेतन बालवाडी आहे. बडोद्यातल्या मराठी घरांतल्या वाचकांना ती ठाऊक असेल.

तोटाही आहे आणि तो लहान नाही. अशा बालवाडीतली मुलं पाहुण्यांना सरावलेली असतात. कोपऱ्यात सहाजणी वह्या घेऊन बसल्या तरी त्यांना काही वाटत नाही. साहित्य भरपूर, बुटकी कपाटं, दोन शिक्षिका, मदतीला मावशी. तिथून निघून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पस्तीस मुलं सांभाळायची वेळ येते, तेव्हा पहिले तीन महिने रडू येतं. मलाही आलं होतं.

खाजगी प्री-स्कूलमधली इंटर्नशिप

इथला फायदा सरळ आहे: जिथे नोकरी करायची तसल्याच जागी शिकता येतं. पालक दारात उभे राहून काय विचारतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायला उशीर झाला तर काय होतं, "माझा मुलगा अजून ए बी सी डी लिहीत नाही" म्हणणाऱ्या आईला काय सांगायचं, हे कोर्सच्या स्वतःच्या बालवाडीत कोणी शिकवत नाही. काम चांगलं वाटलं तर तिथेच ठेवूनही घेतात.

पण एक धोका आहे. प्री-स्कूलला मदतनीस कमीच पडते आणि छात्राध्यापिका म्हणजे फुकटची मदतनीस. माझी एक मैत्रीण अशा ठिकाणी दोन महिने होती. पहिल्या आठवड्यात तिने पिवळ्या कार्डपेपरचे चाळीस आंबे कापले. दुसऱ्या आठवड्यात मुलांना व्हॅनमधून उतरवून घेतलं, नाकं पुसली, डबे उघडून दिले. मग गॅदरिंग आलं. गोलात बसलेल्या मुलांसमोर ती एकटी उभी राहिली ते अख्ख्या दोन महिन्यांत चार वेळा, तेही वर्गशिक्षिका रजेवर होती म्हणून. म्हणजे बघायला कोणीच नव्हतं. नाकं पुसणं हलकं काम नाही, तीन वर्षांच्या मुलाचा विश्वास तिथूनच सुरू होतो. पण त्याला देखरेखीखालचा सराव म्हणता येत नाही.

म्हणून असा कोर्स निवडणार असाल तर दोन गोष्टी आधीच लेखी मागा: स्वतंत्र पाठ किती, आणि ते बघायला कोर्सच्या मार्गदर्शिका स्वतः किती वेळा येणार. "तिथल्या सेंटर हेड बघतील" हे उत्तर पुरेसं नाही. त्यांना अ‍ॅडमिशन, फी आणि पालक यांतून डोकं वर काढायला वेळ नसतो.

अंगणवाडी किंवा वस्तीतली बालवाडी

शहरातल्या मुली हा पर्याय यादीतही धरत नाहीत. मला ते पटत नाही. ताराबाई शहरातलं बस्तान सोडून 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघांसोबत डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथलं. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, ती नंतर.

इथे एकाच खोलीत तीन वर्षांचं आणि सहाला टेकलेलं मूल शेजारी बसतं. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली ताई पाच वर्षांची असते. कोणी घरी कातकरी बोलतं, कोणी अहिराणी, कोणी हिंदी. तुमचं छापील टाचण पहिल्या दहा मिनिटांत निरुपयोगी होतं आणि मग तुम्ही चिंचोके, बाटलीची झाकणं, पानं घेऊन बसता. साडेअकराला खिचडीचा वास आला की गोष्ट संपलीच समजा, कोल्हा विहिरीत असला तरी.

अडचण देखरेखीचीच. सेविकाताईंना वजनं घ्यायची असतात, रजिस्टरं भरायची असतात, मोबाइलवर पोषण ट्रॅकर नावाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये नोंदी करायच्या असतात. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या एका मुख्यसेविकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या. तुमचा पाठ बघायला कोण बसणार? अनुभवी सेविका मात्र जाता जाता एखादं वाक्य असं टाकतात की कुठल्या वहीत सापडणार नाही. एकदा मी हट्टी मुलाशी बोलता बोलता दमले, तेव्हा ताई पळीने खिचडी ढवळत म्हणाल्या, "त्याला काम द्या हो. ताटल्या वाटायला लावा." पाच मिनिटांत मुलगा शांत.

एकट्या अंगणवाडीवर सगळा सराव करू नका. पण ज्या कोर्समध्ये दोन-तीन आठवडे तिथे पाठवतात आणि मार्गदर्शिका सोबत येतात, त्याला माझ्याकडून जास्त गुण.

मॉन्टेसरी

हा वेगळाच रस्ता आहे. ही पद्धत घडवणाऱ्या इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी 1939 मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या, युद्धामुळे अडकल्या आणि त्या काळात त्यांनी इथे शेकडो शिक्षकांना शिकवलं. जुन्या शिस्तीच्या कोर्समध्ये मुलांसमोर जाण्याआधी तुम्ही एकमेकींसमोर तेच साहित्य पुन्हा पुन्हा मांडता: गुलाबी मनोरा, वाळूच्या कागदाची अक्षरं, पाणी ओतायचे दोन जग. हात कुठे, शब्द किती, सगळं पाहिलं जातं. देखरेख कडक, खर्च बहुधा जास्त. फक्त लक्षात असू द्या, 'मॉन्टेसरी' हे नाव कोणीही पाटीवर लावू शकतं.

ऑनलाइन

आधीच बालवाडीत शिकवत असाल आणि कागद हवा असेल तर घ्या. अगदी नव्याने सुरुवात करणारीने नको. घरात भाच्यांना बसवून केलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे सराव नाही, त्यात रडणारं मूल कापून टाकता येतं.

सरकारी किंवा अनुदानित ठिकाणी अर्ज करायचा विचार असेल तर एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. तिच्या यादीत पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका आहे. सहा महिन्यांचे बहुतेक कोर्स त्यात बसत नाहीत. आणि जमलं तर सरावाचा काही भाग जूनमध्ये येईल असं बघा. फेब्रुवारीत मुलं रुळलेली असतात, कोणालाही गोलात बसवता येतात. जूनमध्ये दाराला मिठी मारून बसलेल्या मुलाचे हात सोडवायला शिकायचं असतं.

भाचीला मी एकच काम सांगितलं: प्रत्येक ठिकाणी जाऊन जुन्या विद्यार्थिनीची पाठ टाचण वही मागायची आणि फक्त शेरे वाचायचे. इंटर्नशिपवाल्यांकडे ती काल जाऊन आली. वहीत बावीस पाठ होते, सुबक अक्षर, चिकटवलेली चित्रं. बावीसच्या बावीस पाठांखाली लाल शाईत "छान", सही, आणि सगळ्यांवर तारीख एकच.

स्वतःची बालवाडी असलेल्यांनी तिला गुरुवारी सकाळी नऊला बोलावलंय. वही देतो म्हणाले, पण आधी तासभर कोपऱ्यात बसा.