चार नग जोडवी, हाताची

बोटांचे सांधे उलटे खचू नयेत म्हणून मी एका सोनाराकडून चांदीच्या अंगठ्या करून घेतल्या, त्या दुकानाबद्दल हे लिहिते. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकांनीच हात जोडले, "नाव नका टाकू बाई, लोक दवाखाना समजून गुडघे घेऊन येतीन." एवढं सांगते की दुकान आर्वीला आहे, जुनं आहे, काम मुख्य चांदीचं, सोनं नावापुरतं, आणि चढायला तीन उंच पायऱ्या आहेत, धरायला काही नाही. त्या पायऱ्यांपायी एक स्टार आत्ताच कापते. उरलेले चार का दिले ते जरा लांबून सांगावं लागेल.

मी ब्लाऊज शिवते. आर्वीपासून 18 किलोमीटरवर गाव, घरातच मशीन, लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते. मशीनचा त्रास नाही, मोटर लावून घेतली आहे. त्रास हातशिलाईचा. हूक, काज, तुरपाई. सुई कापडातून ढकलली की तर्जनीचा मधला सांधा उलटा खचतो. बोट पुढं वाकायचं सोडून मागं, धनुष्यासारखं. दिवसातून शंभरदा असं झालं की संध्याकाळी कात्री उघडत नाही.

शाळेत याच हाताची मला कोण ऐट होती. अंगठा मागं नेऊन मनगटाला टेकवायची, बाई मला वर्गापुढं उभं करून दाखवायला लावायच्या. रबराची पोट्टी म्हणायचे सगळे. हापशीवरून हंडा उचलताना खांदा सरकायचा, तो मी झटका देऊन परत बसवायची. सगळ्यांचाच सरकत असेल, मला वाटायचं. लग्नानंतर तीच गोष्ट कामाचा कंटाळा झाली. कापूस वेचायला गेले की सोबतच्या बायांच्या निम्म्यानंही माझं वजन भरायचं नाही, तिसऱ्या दिवशी बोटं सुजून घरी. सासूबाई तोंडावर काही बोलायच्या नाहीत, शेजारणीला सांगायच्या.

सात-आठ दवाखाने झाले. संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी निगेटिव्ह, युरिक अॅसिड बरोबर, एक्स-रे साफ. "रिपोर्ट तर चांगले आहेत, टेन्शन कमी घ्या." एका ठिकाणी तर माझ्या नवऱ्याला बाहेर नेऊन विचारलं, घरी काही वाद चालू आहेत का. चालू नव्हते, त्या दिवशी परतीच्या एसटीत झाले.

एकतिसाव्या वर्षी नागपूरला एका संधिवाताच्या डॉक्टरबाईंनी माझी जाडजूड फाईल बाजूला सारली आणि करंगळी मागं वाकवून पाहिली. मग दुसरी. मग दोन्ही अंगठे, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, आणि शेवटी गुडघे न वाकवता तळहात फरशीला टेकतात का ते. नऊ मार्कांची तपासणी असते ही, बेइटन स्कोअर म्हणतात. वयात आल्यापासून पन्नाशीपर्यंतच्या माणसाला पाच मिळाले तरी सांधे प्रमाणाबाहेर सैल धरतात. मला आठ मिळाले. दहावीच्या कुठल्या पेपरात मला एवढे टक्के पडले नव्हते.

आजाराचं नाव एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम, अंग बांधून ठेवणाऱ्या धाग्यांचा आजार. 2017 साली याची नवी यादी झाली, तिच्यात 13 प्रकार आहेत. माझा हायपरमोबाइल, सगळ्यात जास्त आढळणारा. गंमत अशी की बाकीच्या प्रकारांचे जीन, म्हणजे जनुकं, सापडले आहेत आणि नेमका याचाच नाही. म्हणजे माझा आजार दाखवील अशी रक्ताची तपासणीच नाही, आणि मी इतकी वर्षं बाटल्या भरभरून रक्त देऊन राहिली होती! नुसत्या मार्कांवरही निदान करत नाहीत. चामडी, वारंवार सरकणारे सांधे, घरात अजून कोणाला आहे का, दुसरा आजार नाही ना, सगळं जुळवून पाहतात. ज्यांना त्रास आहे पण सगळे निकष लागत नाहीत त्यांच्यासाठी हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर असं वेगळं नाव आहे, त्रास त्यांचाही खराच. घरात कोणी खूप उंच, सडपातळ, लांब हातापायांचं आहे का, कोणी तरुणपणी अचानक गेलं का, हेही विचारलं. मार्फन म्हणून याच कुळातला दुसरा आजार असतो, त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगू शकते. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. माझा चांगला निघाला.

चामडी-सांध्यांना बांधून ठेवणारं जे प्रथिन असतं, कोलॅजन, ते काय ते त्यांनी चित्र काढून समजावलं. मी माझ्यापुरतं असं लक्षात ठेवलं: कापड चांगलं, कटिंग चांगलं, धागा कच्चा. आणि हा धागा एका शिवणीत नसतो, अंगभर असतो. म्हणून सांधे सरकतात, जरा लागलं की निळं पडतं, पोट बिघडतं, दाढ काढताना भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही. दाढेच्या वेळी मी ओरडले तेव्हा तिथले म्हणाले होते, एवढं काही दुखत नसते.

उपाय म्हणून फिजिओथेरपीचा व्यायाम दिला, हळूहळू ताकद वाढवायचा. सांधे ताणायचे नाहीत, ते आधीच जास्त ताणले जातात. (मला योगा कर म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) आणि बोटांसाठी लिहून दिलं: रिंग स्प्लिंट.

इंग्रजी आठच्या आकाराची अंगठी असते ती. एक वळसा सांध्याच्या वर, एक खाली, आणि दोन्हीला जोडणारा भाग सांध्याच्या खालून, तळहाताच्या बाजूनं. बोट मुठीकडं मोकळं वाकतं, पण उलटं जायला लागलं की तिथंच अडतं. आधी ऑनलाइन प्लॅस्टिकची मागवली. काम बरोबर करायची, पण आमचा मे महिना. पारा 45 ला, त्यात घाम, त्याखाली चामडी पांढरी पडून सोलायची. तुरपाईचा धागा त्या जाड कडेत अडकायचा. चांदीच्या मिळतात, त्या परदेशी कंपनीच्या. चार बोटांचा हिशेब केला आणि मोबाइल उलटा ठेवला.

मग डोक्यात आलं, चांदी तर आर्वीतही मिळते.

सोनारकाकांनी प्लॅस्टिकची अंगठी चिमट्यात धरून उजेडात फिरवली. "हे कोन्या गावचं सोंग हाय?" मी आजाराचं नाव सांगायला लागले तर हातानंच थांबवलं. "नाव राहू दे. बोट काय करते ते दाखव." माझ्या पर्समध्ये सुईदोरा कायम असतो. मी ओढणीच्या टोकाला चार टाके घातले. काका डोळ्याला भिंग लावून, गादीवरून पार पुढं वाकून पाहत होते. "थांब. पुन्हा कर." पुन्हा केलं. "अवं, हे तं उलटं मोडून राह्यलं!" मग त्यांनी स्वतःचं बोट कापडावर दाबून पाहिलं, माझं पाहिलं, परत स्वतःचं. डॉक्टरबाईंनी माझं बोट वाकवून पाहिलं होतं, त्यांचं ते काम. काम करताना ते कसं वाकतं, हे तोवर कोणीच पाहिलं नव्हतं. मी पण नाही, मी सुईकडं पाहते.

मी म्हटलं, काका, शुद्ध चांदीच वापरा, मला चामडीचा त्रास आहे. ते हसले. "शुद्ध चांदी तुह्या बोटावानीच असते बाई, दाबली का वाकली. तिच्यात थोडं तांबं लागते, तवा ते उभी राह्यते." शंभरात साडेसात भाग तांबं घातलं. काकांचं ते वाक्य मी नंतर डॉक्टरबाईंना ऐकवलं, त्यांनी कागदावर उतरवून घेतलं.

खरी कमाल कडांची. माझी चामडी पातळ, जरा टोक लागलं की फाटते आणि डाग कागदासारखा राहतो. मी हे सांगितल्यावर काकांनी खणातून बाळाचे वाळे काढले आणि माझ्या गालावरून फिरवले. सरळ गालावरून, न विचारता. काही टोचलं नाही. "बाराव्या दिवसाच्या लेकराले घालतो आमी. असं घासून देतो." तसंच दिलं. तार गोल, चपटी नाही, आणि जिथं डाख दिला तो जोड बोटाच्या वरच्या अंगाला, चामडीवर दाब येणार नाही असा. आज तो जोड मला नखानं शोधूनही सापडत नाही.

आता वाईट. पहिलं माप सकाळी अकरा वाजता घेतलं. माझी बोटं संध्याकाळी फुगतात. पहिल्या दिवशी परतीच्या एसटीतच अंगठी रुतली, घरी आल्यावर साबण लावून काढली, तरी चामडी निघालीच. परत गेले तर काकांनी कपाळावर हात मारला. "बायांच्या पायाचं माप मी दिवस कलल्यावरच घेतो. हाताचं ध्यानातच नाही आलं." चूक कबूल केली, दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. पण गेलेली खेप गेलीच.

दुसरं, तारीख. मंगळवारी देतो म्हणाले. तीन मंगळवार गेले. सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, अशी म्हण आपल्याकडं आहेच, आणि तिच्यातली शिंपी मीच असल्यामुळं या मुद्द्यावर मला स्टार कापता येत नाही. माझ्या गिऱ्हाइकांनी वाचलं तर हसतील.

तिसरं, बसायला पाठ नसलेला स्टूल, तोही एकच, आणि गर्दी असली की उभं राहा. मला जास्त वेळ उभं राहिलं की छाती धडधडते, डोळ्यापुढं अंधारी येते. नागपूरला झोपवून नाडी मोजली तर 72, उभं करून दहा मिनिटांत 108. बीपी पडत नाही, ठोके मात्र 30 च्या वर वाढतात, त्याला पॉट्स म्हणतात, आणि माझ्यासारख्यांत तो बराच आढळतो. मला पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं आहे, ते माझ्यापुरतं, बीपीवाल्यांनी माझं ऐकू नये. तर त्या दिवशी मी सरळ दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसले. एक बाई म्हणाली, जवान पोरगी, इतकं बी उभं राहवत नाही का? काकांनी काही न बोलता गादीवरचा लोड माझ्या पाठीशी सरकवला. पुढच्या वेळी गेले तर स्टूल माझ्यासाठी अडवून ठेवला होता, वर चष्म्याची डबी ठेवून.

बिलावर काय लिहावं हा प्रश्न पडला. वहीत स्प्लिंट नावाचा दागिना नाही. शेवटी लिहिलं: जोडवी (हात), 4 नग, 13 ग्रॅम. मजुरी नगाला 250. चांदीचा भाव ज्या दिवशी जाल त्या दिवशीचा.

आठ महिने वापरून राहिले. पहिल्या आठवड्यात मीच एक उलटी घातली होती, बोट सरळच राहिलं, वाकेना, सुई धरता येईना, आणि मी काकांना मनातल्या मनात नावं ठेवली. फिरवून घातली तर ठीक. आता तुरपाई सलग तासभर होते, आधी वीस मिनिटांत हात टाकायची. कणीक मळताना काढावी लागते. काळी पडते, रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासली की उजळते. खांदा अजूनही सरकतो, त्याला अंगठी नाही, त्याला व्यायामच.

एक फरक मी धरला नव्हता. आधी माझं दुखणं कोणाला दिसतच नव्हतं. आता गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की आधी माझ्या हाताकडं पाहतं. "हाताच्या बोटात जोडवे कायले वं?" मग सांगते. मग सगळ्या आपापले अंगठे वाकवून पाहतात, माझ्या खोलीत हशा होतो. अंगठा टेकला म्हणजे आजार झाला असं नाही, हेही तेव्हाच सांगते. लहान लेकरांचे सांधे सैलच असतात, कित्येक मोठ्यांचेही असतात आणि त्यांचं काहीच दुखत नाही. दुखणं, सरकणं, थकवा सोबत असला तर दाखवून या. एका बाईची बारा वर्षांची पोरगी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, मावशी, गुडघा सरकला का तुमी पण तसाच बसवता का? तिच्या आईनं चमकून पाहिलं. मी नागपूरच्या डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला आणि पोरीला म्हटलं, तोवर शाळेत अंगठ्याची गंमत दाखवणं बंद.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी जोडवी पायातच शोभतात म्हणून नाक मुरडलं होतं. परवा पाहुण्यांना माझा हात पुढं करून दाखवत होत्या, "तेरा ग्रॅम हाय."

जाणार असाल तर: दुकान गुरुवारी बंद. चारनंतर जा, बोट फुगलेलं असताना. जुनी प्लॅस्टिकची असेल तर नमुन्याला न्या, आणि जे काम करताना बोट खचतं ते काम सोबत न्या, सुई असो की विळा. रोख न्या. स्टूल मागा, देतात. मी अंगठ्याच्या सांध्यासाठी एक सांगून आले आहे, पोळ्यानंतरच्या मंगळवारी देतो म्हणाले. कोणत्या मंगळवारी ते मी विचारलं नाही.