एकच लिंक चारदा दिसते तेव्हा: पायफेड वापरून पाहिल्यावर

लेमी आणि पायफेड हे रेडिटसारखे चर्चामंच, एकमेकांशी जोडलेल्या वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारे; तिथल्या विषयवार गटांना कम्युनिटी म्हणतात. ९ ऑगस्ट २०२५ला डेबियन या लिनक्स सिस्टमची १३वी आवृत्ती आली. त्या रात्री तिथल्या माझ्या फीडमध्ये तीच घोषणा पाठोपाठ चार वेळा दिसली. लिनक्सच्या दोन कम्युनिटी वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या, एक ओपन सोर्सची, एक जुन्या संगणकांची. तेव्हा मी वापरत होतो त्या अॅपमध्ये डुप्लिकेट लपवायची सोय होती. ती चालू केली आणि सगळ्यात जास्त मतं मिळालेली पोस्ट तेवढी उरली. खाली नव्या डेस्कटॉपबद्दल भरभरून गप्पा.

माझा लॅपटॉप ३२ बिटचा. दुसऱ्या दिवशी अपग्रेडला बसण्याआधी जुन्या संगणकांच्या कम्युनिटीत सहज डोकावलो. तिथे जेमतेम पाच कॉमेंट होत्या आणि त्यातल्या एकीत लिहिलं होतं, की आय३८६वाल्यांनी (म्हणजे ३२ बिटवाल्यांनी) अपग्रेड करू नका, १३मध्ये त्यासाठी ना कर्नल (सिस्टमचा गाभा) आहे ना इन्स्टॉलर. मला हवी होती नेमकी तीच कॉमेंट अॅपने पोस्टबरोबर झाकून टाकली होती.

म्हणून पायफेडची पद्धत मला मनापासून आवडली. फीडमध्ये ते एकच प्रत दाखवतं, पण पोस्ट उघडली की त्याच लिंकवर बाकीच्या कम्युनिटींत झालेली चर्चाही खाली त्याच पानावर येते, प्रत्येक गटावर कम्युनिटीचं नाव. हे नाव फार गरजेचं आहे. उत्तर देताना आपण कुणाच्या घरात बोलतोय ते कळतं. मॉडरेटर आणि नियम प्रत्येकीचे वेगळे असतात. लेमीच्या वेबवर पोस्टखाली इतर प्रतींचे दुवे मिळतात, तेही उपयोगी आहेत, फक्त एकेक उघडून पाहावं लागतं. पाच कॉमेंटवाली पोस्ट उघडायचे कष्ट कोण घेतो?

अर्थात ही जुळणी लिंकवर चालते. एकाने अधिकृत घोषणा टाकली आणि दुसऱ्याने त्याच विषयावरची बातमी, तर त्या दोन पोस्ट वेगळ्याच राहतात. तोच फोटो दोघांनी आपापल्या सर्व्हरवर चढवला तरी तेच, कारण पत्ता बदलतो. शिवाय आपल्या सर्व्हरवरच्या एकानेही जी कम्युनिटी सबस्क्राइब केलेली नाही, तिच्या नव्या पोस्ट सहसा आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. छोट्या सर्व्हरवर खातं असेल तर हे लवकर जाणवतं. मी त्यासाठी छोट्या कम्युनिटी मुद्दाम शोधून सबस्क्राइब करतो.

आणि टाकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: लिंक नव्याने चिकटवण्यापेक्षा क्रॉसपोस्टचं (तीच पोस्ट दुसऱ्या कम्युनिटीत टाकायचं) बटण वापरा. पत्ता तोच राहतो, प्रती एकमेकींना सापडतात.

लॅपटॉपवर अजून डेबियन १२च आहे.