महाबळेश्वर की माथेरान? खाण्यापिण्याच्या हिशोबाने सांगते

दरवर्षी नाताळच्या सुट्टीआधी आमच्याकडे हा वाद ठरलेला असतो, आणि यंदा तर नणंदेने सरळ फोनच केला की वहिनी, आम्ही आठ जण आहोत, सासूबाई सत्तरीच्या पुढे, दोन पोरं, धाकटी जाऊ जैन, महाबळेश्वरला जाऊ की माथेरानला, आणि पॉइंट-बिंट मला सांगू नकोस, दरी आणि रेलिंग सगळीकडे सारखंच, जेवणाचं काय ते सांग. तिला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितेय, दोन्हीकडे पाच-सहा वेळा तरी जाऊन आलोय आम्ही.

आधी मुद्द्याचं. माथेरानला रूम घ्यायची ती जेवणासकट, महाबळेश्वरला घ्यायची ती जेवणाशिवाय. आम्ही दोन्हीकडे नेमकं उलटं करून बसलोय म्हणून एवढ्या खात्रीने सांगतेय.

माथेरानचं असं आहे की गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते, पुढे गाड्यांना बंदी, तुम्ही चालत नाहीतर घोड्यावर नाहीतर अमन लॉज स्टेशनपासून शटल ट्रेनने बाजारात जाता. आता ई-रिक्षाही आल्यात. पण हे फक्त तुमच्या बॅगांपुरतं नाही हो, तिथला कांदा-बटाटा, दुधाच्या पिशव्या, गॅसचा सिलेंडर, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स, सगळं तसंच घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर वर जातं. त्यामुळे खाली नेरळला जो चहा जेवढ्याला मिळतो तेवढ्याला वर मिळेल ही अपेक्षाच ठेवायची नाही, आणि त्यात दुकानदाराची काही लबाडी नाही, मजुरी लागतेच. म्हणून तिथल्या बऱ्याच हॉटेलांची पद्धत पहिल्यापासून पॅकेजची आहे, दुपारचं जेवण, चार वाजता चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळी नाश्ता आणि मग चालते व्हा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शहाणपणा करून नुसती रूम घेतली, म्हटलं बाहेर खाऊ, व्हरायटी मिळेल. रात्री साडेनऊला लाल मातीच्या रस्त्यावरून मोबाईलच्या टॉर्चमध्ये चौघं जण जेवण शोधत फिरतोय, अर्ध्या ठिकाणी शटर, उरलेल्या ठिकाणी फक्त फ्राइड राइस, आणि समोरून घोडा गेला की ताटात धूळ. परत रूमवर येऊन चिवडा खाल्ला.

महाबळेश्वरला ह्याच्या बरोब्बर उलटं झालं. एका हॉटेलवाल्याने फोनवर दोन वेळचं जेवण घ्याच म्हणून गळी उतरवलं, आणि आम्ही सकाळी दहाला बाहेर पडलो ते रात्रीपर्यंत पोटात जागाच नाही. वेण्णा लेकवर भाजलेलं कणीस, मग मक्याचे पॅटिस, मग गुरेघरला मॅप्रो गार्डनमध्ये ते भलंमोठं ग्रिल्ड सँडविच जे दोघांत एक घेतलं तरी उरतं, मग बाजारात फिरताना गरम चणे. रात्री डायनिंग हॉलमध्ये जाऊन पनीरच्या लाल भाजीकडे नुसतं बघून आलो. आठ ताटांचे पैसे भरले आणि सगळ्यांनी मिळून दीड ताट खाल्लं असेल. नाश्ता मात्र रूमसोबत घ्याच, कारण डिसेंबरमध्ये सकाळी एवढी थंडी असते की चहासाठीसुद्धा कोणी बाहेर पडायला तयार नसतं.

आता स्ट्रॉबेरी, कारण शेवटी निम्मे लोक त्यासाठीच जातात. ह्या बाबतीत माथेरानशी तुलनाच नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पाचगणीपासून महाबळेश्वरपर्यंतच्या रस्त्यावर, भिलारच्या बाजूला, शेतंच शेतं दिसतात. भिलार म्हणजे तेच पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं मांडलेली, पोरांना वाचायची आवड असेल तर तिथे एक तास द्या. माल नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतो, खरी चव जानेवारी-फेब्रुवारीची. घेताना एक करा, पनेट, म्हणजे ती प्लास्टिकची डबी, उलटी करून तळ बघा. वर ठेवलेली फळं टपोरी लालभडक असतात आणि खाली बारकी, दबलेली, पाणी सुटलेली. आणि देठाजवळ पांढरी असेल तर ती कच्ची तोडलेली आहे, घरी नेऊन पिकेल ह्या आशेवर घेऊ नका, स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. नाक लावून बघा, वास आला तर घ्या.

स्ट्रॉबेरी विथ क्रीम हा वेगळा विषय आहे. उंच ग्लास, तळाला चिरलेल्या फोडी, वर फेटलेलं क्रीम, मध्ये आइस्क्रीम, परत फोडी, आणि टोकावर एक अख्खी. पहिले चार चमचे स्वर्ग, नंतर क्रीमच क्रीम, लहान मुलांना अख्खा ग्लास देऊ नका, संपत नाही आणि परत घाट उतरायचाय. मे महिन्यात जात असाल तर आधी विचारा की फळ ताजं आहे का, कारण सिझन संपला की बहुतेक फ्रोझन वापरतात, ती चमच्याने दाबली की लगदा होते आणि क्रीम गुलाबी पाणी होऊन बसतं. मे महिन्यात त्यापेक्षा तुती घ्या, रसभरी घ्या, ती खरी ताजी असतात. क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळाबाहेर बायका घेऊन बसतात, ताकही मिळतं तिथे, गार आणि आंबट, दर्शन झाल्यावर प्यायला बरं.

माथेरानकडे असं एक नाव घेण्यासारखं फळ नाही, पण उन्हाळ्याच्या शेवटी डोंगरातल्या ठाकर-कातकरी बायका करवंदं आणि जांभळं द्रोणात घालून विकायला बसतात ते मला स्ट्रॉबेरीपेक्षा जास्त आवडतं, खोटं कशाला बोलू. बोटं जांभळी होतात, चीक ओठांना चिकटतो, आणि द्रोण पाच मिनिटांत संपतो. दुसरं म्हणजे तिथली जुनी पारशी हॉटेलं. धनसाक म्हणजे डाळीत शिजवलेलं मटण, अंड्याचे प्रकार, शेवटी कॅरेमल कस्टर्ड, आणि हे सगळं झाडाखालच्या व्हरांड्यात ठरलेल्या वेळेला. वेळ मात्र पाळावी लागते, नऊला डायनिंग बंद म्हणजे बंद. ज्यांना नॉनव्हेज पण घरगुती, कमी तिखट पाहिजे त्यांच्यासाठी हे महाबळेश्वरपेक्षा सरस आहे माझ्या मते.

तिखट पाहिजे असेल तर सातारा जिल्हाच बरा. प्रतापगडाच्या पायथ्याशी आणि वाटेवर पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, ताक असं ताट मिळतं, आणि गड चढून उतरल्यावर ते जे लागतं त्याला तोड नाही. पोरांना ठेचा लांबून दाखवा. तापोळ्याच्या बाजूला गेलात तर गावठी कोंबडी आणि भाकरी, पण आधी सांगून ठेवावं लागतं, दोन तास लागतात, तोपर्यंत शिवसागर जलाशयात बोटिंग करून या म्हणतात आणि ते खरंच करून यावं.

जैन जावेसाठी माथेरान सोपं. तिथे मुंबईचे गुजराती पाहुणे वर्षानुवर्षं येतायत, त्यामुळे शुद्ध शाकाहारी आणि जैन जेवण देणारी हॉटेलं बरीच, थाळीत रोटली, दाळ, फरसाण, गोड सगळं येतं. महाबळेश्वरलाही जैन लिहिलेलं मेन्यूकार्ड सापडतं, उपाशी राहणार नाही, पण पॉइंटवरच्या टपरीवर पॅटिसमध्ये बटाटा आहे का हे दर वेळी विचारत बसावं लागतं.

सासूबाईंचा विचार केला तर मात्र गाडा उलटा फिरतो. महाबळेश्वरला गाडी हॉटेलच्या दारात, मऊ भात हवा, तर बाजारात दोन पावलांवर वरण-भात देणारं कोणीतरी असतंच. माथेरानला पॅकेजमध्ये जे शिजलंय ते, आणि हॉटेल बाजारापासून लांब असेल तर मधेच काही खायला आणायचं म्हणजे कोणीतरी वीस मिनिटं चालायचं. म्हणून बुक करतानाच विचारून घ्या, रात्री खिचडी मिळेल का. मिळते बहुतेक ठिकाणी, पण सकाळी सांगून ठेवलं तर.

प्रवासातलं खाणं हेही लक्षात घ्या, ह्याचा कोणी विचार करत नाही. पुण्याहून महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर, सुरूर फाट्यावरून वाई आणि वाईनंतर पसरणीचा घाट. वाईत पोरांना मिसळ खाऊ घातली तर ती घाटात परत बघायला मिळते, अनुभव आहे, सीट कव्हर धुवायला टाकलं. घाटाआधी कोरडं काहीतरी, पाचगणीत चढल्यावर काय ते भरपेट. माथेरानला नेरळपर्यंत लोकल, कर्जतकडून आलात तर कर्जतचा वडा आहेच. 1907 पासून चालणारी टॉय ट्रेन नेरळहून मिळाली तर ती एवढी रमतगमत जाते की मधे जुम्मापट्टीला थांबली की सगळे वडापाव आणि सरबतावर पडतात. पावसाळ्यात नेरळवरून ती बंद असते, वरची शटल तेवढी चालते.

पिण्याचं थोडक्यात. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी शेक, तुतीचं सरबत, क्रश, माथेरानला कोकम आणि लिंबू. बार दोन्हीकडे आहेत, घरच्यांबरोबर जाताय तर मला विचारू नका. पाण्याची बाटली माथेरानला दस्तुरीच्या आधीच भरून घ्या, चालताना लागते.

आणि माकडं. महाबळेश्वरलाही आहेत, पण माथेरानची पोचलेली आहेत. माझ्या आईच्या हातातली आंब्याच्या ज्यूसची बाटली एकाने घेतली, झाडावर बसून दातांनी झाकण फिरवून उघडली, प्यायला आणि रिकामी बाटली खाली टाकली, आई म्हणाली निदान कचरापेटीत तरी टाकायची. पॉइंटवर काहीही खायचं नाही, पिशवीचा आवाजसुद्धा करायचा नाही.

नणंदेने शेवटी महाबळेश्वर ठरवलं, सासूबाईंमुळे आणि स्ट्रॉबेरीमुळे, रूम नाश्त्यासकट. मी तिला म्हटलं येताना मध आण, जांभळाचा मिळाला तर तोच, जरा कडवट असतो पण छान. आम्ही जानेवारीत दोघंच माथेरानला जाणार आहोत, जेवणासकट, आणि चिक्की निघायच्या दिवशी घेणार, बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून.