नॅसचा बॉक्स गेला: डिस्क लिनक्सला लावायच्या की तसाच दुसरा बॉक्स आणायचा?

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली ठेवायचा, आत डिस्क असलेला छोटा बॉक्स. आधीच सांगतो, हा प्रश्न बॉक्स गेलाय पण डिस्क बऱ्या आहेत तेव्हाचा आहे. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर पॉवर काढा आणि सरळ रिकव्हरीवाल्याला गाठा, तिथे घरगुती इलाज चालत नाही.

आणि बॉक्स खरंच गेलाय का ते पण बघून घ्या, कारण बऱ्याचदा नुसता अडॅप्टर मेलेला असतो. आपल्याकडे गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स, लाइट जाते-येते, त्यात पहिला मान टाकतो तो अडॅप्टर. मल्टीमीटरवर छान 12 व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की बसतो, म्हणजे दिवे लागतात, पंखा फिरतो, डिस्क काही उठत नाहीत. तपकीर गल्लीत जाऊन तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपियरचा आणि पिन-पोलॅरिटी जुळणारा अडॅप्टर आणा आणि लावून बघा. मग डिस्कवर मार्करने बे नंबर (कुठली डिस्क कुठल्या खाचेतली ते) टाकून सगळ्या बाहेर काढा आणि रिकामा बॉक्स चालू करा, तरीही दिवा नुसताच लुकलुकत बसला तर बोर्ड गेला समजायचं. असे बोर्ड जातात हो. इंटेलच्या ॲटम सी2000 चिपमधला क्लॉक सिग्नलचा दोष 2017 मध्ये बाहेर आला, तेव्हा ती चिप असलेले चांगले महागडे नॅस एक दिवस उठलेच नाहीत, आतल्या डिस्क ठणठणीत.

आता दोन वाटा. एक, त्याच कंपनीचा दुसरा बॉक्स आणायचा, त्याच क्रमाने डिस्क सरकवायच्या आणि चालू करायचा. दुसरी, कुठला तरी जुना डेस्कटॉप पकडायचा, पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबंटू (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) चालवायचं आणि डिस्क तिथे जोडून डेटा काढायचा. बहुतेक घरगुती नॅसच्या पोटात लिनक्सच असतं आणि रेड (अनेक डिस्क मिळून एक करायची पद्धत) पण लिनक्सच्या एमडीॲडम या टूलचंच, त्यामुळे हे जमतं. सिनॉलॉजी ही नॅस कंपनी तर स्वतःच त्यांच्या साइटवर उबंटूवर डेटा कसा काढायचा ते सांगते, त्यांचं एसएचआर हे रेड म्हणजे एमडीॲडम आणि वर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा लिनक्सचा थर), जादू काही नाही.

बॉक्सच्या बाजूने बोलायचं तर कष्ट शून्य. सगळं जमून आलं तर युजर, परमिशन, शेअर जसेच्या तसे उभे राहतात. उद्या सकाळी ऑफिसात टॅली उघडायलाच हवं असेल तर हाच मार्ग, मी वाद घालणार नाही. फक्त जुनं मॉडेल बंद झालेलं असतं, मग नवीन कुठल्या मॉडेलमध्ये डिस्क चालतील याचा तक्ता शोधा, आणि बजेट नसताना नवा बॉक्स घ्या, हे आहेच.

पण माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने. माझा चार डिस्कचा नॅस गेला तेव्हा कोथरूडच्या मित्राकडे त्याच कंपनीचा नवीन बॉक्स होता, तो आणला, डिस्क लावल्या, ब्राउझरमध्ये पान उघडलं. वर लिहिलं होतं डिस्क दुसऱ्या मशिनमधून आल्यात असं दिसतंय, खाली इन्स्टॉलचं बटण आणि त्याच्याखाली लाल अक्षरात की डिस्कवरचा डेटा पुसला जाऊ शकतो, मला हे मान्य आहे, इथे टिक करा. आता 'शकतो' म्हणजे काय? पुसणार की नाही पुसणार? सपोर्टवाल्याला विचारलं तर म्हणे सर, नॉर्मली डेटा सेफ राहतो. अहो नॉर्मली सगळंच सेफ राहतं, नॉर्मल नाहीये म्हणून तर तुम्हाला विचारतोय! बॉक्सला नुसतं बघ, काही लिहू नकोस, असं सांगायची सोयच नाही, तो चालू झाला की आधी स्वतःची सिस्टिम डिस्कवर टाकणार आणि मग तुम्हाला तुमचे फोटो दाखवणार. पंधरा-वीस वर्षांचे घरातले फोटो त्या टिकवर लावायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. टिक केली नाही, डिस्क काढल्या.

मावसभावाकडे धूळ खात पडलेला डेस्कटॉप होता, त्यात चार साटा पोर्ट. त्याची स्वतःची हार्डडिस्क आधी काढून ठेवली, आणि हे तुम्ही पण करा, कारण विंडोज बूट झालं आणि त्याला लिनक्सची डिस्क दिसली की ते भाबडेपणाने विचारतं, फॉरमॅट करू का, आणि घरातलं कोणीतरी ओके दाबतं. लाइव्ह उबंटू चालू केलं, एमडीॲडम टाकलं, ॲरे (रेडमधल्या डिस्कचा संच) रीड-ओन्ली असेंबल केला, म्हणजे काही न लिहिता जोडला, आणि एमडीस्टॅटमध्ये त्याची स्थिती बघितली तर चौकटी कंसात यू यू यू आणि शेवटी एक अंडरस्कोअर. म्हणजे तीन डिस्क हजर, चौथी गैरहजर. रेड 5 ला एवढं पुरतं, एक डिस्क नसली तरी चालतं. चौथीचं स्मार्ट (डिस्कचा स्वतःचा तब्येतीचा रिपोर्ट) काढलं तर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढलेले, म्हणजे बोर्डाबरोबर ती पण जायच्या वाटेवर होती आणि बॉक्सने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, नारिंगी दिवा सोडून.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. असेंबल म्हणजे असेंबल, चुकूनही क्रिएट (नवा ॲरे बनवणं) नाही, नेटवर काही जण बिनधास्त क्रिएट मारायला सांगतात, त्यांचं ऐकू नका. आणि फाइल सिस्टिम ईएक्सटी4 असेल तर नुसतं रीड-ओन्ली माउंट (फाइली वाचायला उघडणं) पुरत नाही, जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट असेल तर ते लिहायला बघतं, म्हणून नोलोड हा ऑप्शन पण द्यायचा. मग काहीच लिहिलं जात नाही, तुम्ही निवांत फोल्डर उघडून बघा, बाहेरच्या डिस्कवर आरसिंकने कॉपी लावा आणि चहा टाका. चुकलं तर बंद करून परत पहिल्यापासून, डिस्क होत्या तशाच आहेत. मला हेच हवं होतं.

अर्थात प्रत्येकाचं जमेलच असं नाही. क्यूनॅप कंपनीच्या नॅसमधल्या स्टोरेज पूलमध्ये (डिस्कची एकत्र केलेली जागा) त्यांनी एलव्हीएमला स्वतःचे बदल केलेत, साध्या लिनक्सला तो पूल कळत नाही, तिथे त्यांचाच बॉक्स बरा. डब्ल्यूडीच्या जुन्या मायक्लाउडमध्ये ब्लॉक साइज 64 के, नेहमीचा पीसी बहुधा ते माउंट करायला नकार देतो, फ्यूजवाल्या (कर्नलच्या बाहेरून फाइल सिस्टिम वाचणाऱ्या) टूलने वाचता येतं पण फार हळू. व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केलेला असेल आणि की सापडत नसेल तर दोन्ही वाटा बंद. आणि टर्मिनल बघून ज्यांना घाम फुटतो त्यांनी ओळखीतला एखादा लिनक्सवाला धरावा, पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत त्यांना तोटा नाही, मिसळीवर येतात.

रिकव्हरीवाल्यांबद्दल थोडंसं. मी पण एक-दोन ठिकाणी विचारून आलो होतो, बोलायला चांगली माणसं, पण डिस्क न बघताच आकडा सांगतात आणि रेड म्हटलं की तो डिस्कच्या संख्येने गुणतात. गेलातच तर डेटा नाही तर पैसे नाहीत हे लेखी घ्या आणि आधी डिस्कची क्लोन कॉपी काढणार का ते विचारा, ओरिजिनलवर काम करतो म्हणाला तर डिस्क उचला आणि घरी या.

नंतर मी नॅस घेतलाच, रेडीमेडच घेतला, स्वतः पीसी बांधायचा उत्साह आता नाही. फक्त दुकानदाराला रॅम-प्रोसेसर न विचारता एवढंच विचारलं की हा मेला तर याच्या डिस्क साध्या उबंटूवर उघडतात का. त्याला माहीत नव्हतं, मग घरी येऊन कंपनीच्या साइटवर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन घेतला, सोबत एक यूपीएस पण.