लिन्स्कोटेनचा गोवा, १,८०,००० रुपये आणि छापलेली घडी

आधी आकडे. विसार २५,०००, त्यानंतर एनईएफटीने १,४०,०००, फ्रेम, विमा आणि कुरिअर मिळून ८,५००, ‘तज्ज्ञांच्या प्रमाणपत्रा’चे ६,५००. एका जुन्या नकाशासाठी एकूण १,८०,००० रुपये. त्या बदल्यात हातात आला तो इंकजेटवर छापलेला कागद. लिहायला लाज वाटते, पण असाच कागद पुन्हा विक्रीला लागला आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

नकाशा गोव्याचा. यान हायखेन व्हान लिन्स्कोटेन हा डच प्रवासी १५८३ पासून पाचएक वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला निघालं, त्यात गोवा शहर आणि बेटाचा हा भलामोठा नकाशा घडी घालून बांधलेला होता. तांब्याच्या पत्र्यावर तो बाप्टिस्टा व्हान डुटेकुमने कोरला. रस्ते, चर्च, घरं वरून तिरकं पाहिल्यासारखी, आणि पोर्तुगीज शीर्षकात ‘१५ अंश उत्तरेला’ असं लिहिलेलं. जुन्या नकाशांच्या नादी लागलेल्या मराठी माणसाला हा नकाशा भिंतीवर हवाच असतो. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक होतं.

या धंद्यातली पद्धत माहीत नव्हती असं नाही. ‘गोव्यातल्या जुन्या घरातून निघालेला नग’, ‘घरच्यांना नाव गुप्त ठेवायचंय’, ‘मुंबईचं एक गिऱ्हाईक उद्याच येतंय’ ही वाक्यं सगळ्यांनीच ऐकलेली असतात. मीही ऐकली होती. पण किंमत फुकटात म्हणावी इतकी कमी नव्हती. फार स्वस्त असता तर मी लगेच सावध झालो असतो. त्याने किंमत बरोबर तिथे ठेवली जिथे माणूस म्हणतो, थोडा डागाळलेला आहे म्हणून उतरलाय.

मग तो व्हिडिओ. अजून डोळ्यांसमोरून जात नाही. फ्रेममध्ये बसवण्याआधी कागद टेबलावर ठेवून त्याने मला दाखवला. मी म्हटलं, घडी दाखवा. त्याने मधल्या घडीवरून बोट फिरवलं. डावीकडे खिडकी होती. त्याने कागदाची कड उचलली, कागद वाकवला, खाली ठेवला. बोटाची सावली हलली, कडेची सावली हलली. घडीची सावली मात्र होती तिथेच राहिली. कागद कसाही तिरका केला तरी ती एकाच बाजूला. खऱ्या घडीवर उजेड तुटतो, बाजू बदलली की सावलीही बदलते. ही सावली शाईची होती, घडीचा फोटो छापलेला होता. मी ते पाहिलं. ‘व्हिडिओचा दर्जा खराब आहे’ असं स्वतःला समजावलं आणि दहा मिनिटांत १,४०,००० पाठवले.

कागद आला तो सीलबंद फ्रेममध्ये. पाठीमागे स्टिकर : ‘सील तोडल्यास हमी रद्द’. हे वाक्य दिसलं की त्याच दिवशी सील तोडा आणि तोडताना चित्रीकरण करा. मी नऊ दिवस थांबलो. ज्या विक्री-ॲपवर जाहिरात होती तिथे परताव्याची मुदत ७ दिवस. तशीही ती माझ्या कामाची नव्हती, कारण ‘कमिशन वाचेल’ म्हणून त्याने पैसे ॲपच्या बाहेर घेतले होते. ॲपच्या बाहेर एक रुपयाही देऊ नका.

आत काय निघालं ते सांगतो. कागद मोजला : ४२ × ५९.४ सेंटीमीटर. म्हणजे तंतोतंत ए-२. हे माप जर्मनीत १९२२ मध्ये ठरलं. मूळ नकाशा ८० सेंटीमीटरच्या आसपास रुंद आहे. जाहिरातीत फक्त फ्रेमचं बाहेरचं माप दिलं होतं, ३० × २३ इंच, आणि आत चारी बाजूंनी तीन-तीन इंचांचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. कागदाचं माप सेंटीमीटरमध्ये, पट्टी ठेवलेल्या फोटोसह मागा. ‘माउंटमुळे मोजता येत नाही’ असं उत्तर आलं की बोलणं थांबवा.

दहापट भिंगाखाली रेषा फुटली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेष टोकाला निमुळती होते, कड धारदार असते, शाई कागदाच्या किंचित वर उभी राहते आणि तिचा उठाव बोटाला जाणवतो. इथे रेषेच्या जागी पिवळे, गुलाबी, निळे ठिपके फवारल्यासारखे. रंग म्हणाल तर तपकिरी. पुष्कळ लोक इथे चुकतात, तपकिरी शाई म्हणजे जुनी शाई असं समजतात. हस्तलिखितांची लोहाची शाई तपकिरी पडते. छपाईची शाई काजळी आणि जवसाच्या तेलाची, ती चारशे वर्षांनीही काळीच राहते. छापील नकाशाच्या रेषा चहाच्या रंगाच्या दिसल्या तर तिथेच संशय घ्या.

कसरीची तीन भोकं होती, तीही छापलेली. सुई घालून पाहिली, आरपार जाईना. घडीच्या एका बाजूला खरं भोक असेल तर दुसऱ्या बाजूला आरशात दिसावं तसं त्याचं जोडभोक बहुधा सापडतं, कारण किडा घडी घातलेल्या कागदातून जातो.

कागद उजेडासमोर धरला तर काहीच नाही. सोळाव्या शतकातला कागद समांतर तारांच्या साच्यावर उचललेला असतो, त्यात बारीक आडव्या रेघा आणि साधारण अडीच सेंटीमीटरवर उभ्या रेघा दिसतात, त्यांना साखळीच्या रेघा म्हणतात. गुळगुळीत, बिनरेघी कागद युरोपात १७५० च्या दशकात आला. अतिनील टॉर्चखाली माझा कागद निळाशार चमकला, म्हणजे कागद पांढरा करणारी आधुनिक रसायनं. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. ३९५ चा स्वस्त टॉर्च सगळ्यावरच जांभळा उजेड पाडतो आणि काही कळू देत नाही. उलट, कागद चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही, आजचे कित्येक चित्रकलेचे कागदही चमकत नाहीत. शिवाय जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर छापणारे महाभाग आहेतच.

आणि हिरवा रंग. ‘मूळ काळातला हातरंग’ म्हणून त्याने खास भाव लावला होता. त्या काळचा हिरवा तांब्याच्या गंजाचा, तो कागद खातो आणि पाठीमागे तपकिरी उमटतो. माझ्या कागदाची पाठ कोरी होती. व्हिडिओत पाठ दाखवा म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

शेवटी एका परदेशी ग्रंथालयाने खुल्या ठेवलेल्या स्कॅनशी ताडून पाहिलं. तोच डाग, तीच घडी, तीच भोकं. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि पैसे देण्याआधी करायचं आहे.

आता पुढचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे, वकील बघा.’ भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ छापून नेलं तर ‘नकली असल्याचा सरकारी दाखला आणा’. दाखल्यासाठी संग्रहालयात गेलो. तिथल्या बाईंनी भिंगातून एकदाच पाहिलं आणि हसू आवरत सांगितलं, पण लेखी नाही, खाजगी वस्तूवर लेखी मत देत नाही. पुरावस्तूंच्या कार्यालयात म्हणाले, नकली असेल तर आमच्या कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, बरं, मग १०० वर्षांहून जुना म्हणून विकणाऱ्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना होता का, एवढं तरी तपासा. त्यावर उत्तर, ‘वस्तू खरी असेल तर तपासू’. खरी असती तर मी तिथे कशाला गेलो असतो? बँकेने सांगितलं, ओटीपी तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. चार ठिकाणी मिळून अकरा हेलपाटे, प्रत्येक ठिकाणी अर्ज नव्याने लिहून, आणि पोच देताना प्रत्येकाच्या कपाळाला आठ्या. ज्याचं खातं, ज्याचा मोबाइल क्रमांक, ज्याचा पत्ता पावतीवर आहे त्याला एक फोन करायला कोणी तयार नाही. रक्कम लाखांत आहे, नाव समोर आहे, आणि चौकशी माझीच चालू आहे की एवढे पैसे कागदासाठी दिलेच का!

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी पंधराव्या दिवशी फोन केला, तोवर खातं रिकामं. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात करा. ग्राहक आयोगात मात्र तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. माझी तिथे दाखल आहे.

प्रमाणपत्राचंही सांगतो. सोनेरी शिक्का, वळणदार सही, आणि आत ना कागदाचं वर्णन, ना माप, ना जलचिन्ह (कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणारी खूण), ना परताव्याची अट. ‘वर्णनाप्रमाणे नसल्यास पूर्ण रक्कम परत’ हे वाक्य, तारीख आणि पत्ता नसेल तर त्या कागदाला किंमत नाही. नग कुणाकडून कुणाकडे गेला हेही लेखी मागा, खऱ्या नकाशासाठी तर जास्तच. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पकडलेल्या एका प्रतिष्ठित अमेरिकन व्यापाऱ्याने ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं होतं, असा नकाशा घेतला तर पैसेही जातात आणि नकाशाही. परदेशातल्या मुलाला भेट म्हणून खरा जुना नकाशा इथून पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा, खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही.

परवा वेगळ्या नावाने तीच जाहिरात दिसली, या वेळी २,१०,००० ला. ओळखायची खूण : खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ चिंचोक्याएवढा तपकिरी डाग, त्याच्या डावीकडे तिरक्या ओळीत तीन भोकं, आणि मधल्या घडीची सावली कायम उजवीकडे. विक्रेत्याला कागद वाकवायला सांगा आणि ती सावली हलते का तेवढं पाहा.