आठ महिने आंतरओळी नवा करार वापरल्यावर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ग्रीक-इंग्रजी आंतरओळी नवा करार घेतला. ग्रीक ओळ, प्रत्येक शब्दाखाली त्याचा इंग्रजी अर्थ आणि डोक्यावर बारीक क्रमांक. हे क्रमांक जेम्स स्ट्राँगच्या 1890 च्या शब्दसूचीतले (तिच्यात बायबलच्या प्रत्येक मूळ शब्दाला एक क्रमांक आहे), म्हणून ती जाडजूड सूचीही घेतली. आमच्या मंडळीत बुधवारी बायबल अभ्यास असतो. महिन्यातून एकदा तो घ्यायची माझी पाळी येते, तेवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी तक्रारी उरकतो. टाइप इतका बारीक की भिंग घ्यावं लागलं. बांधणी दिवाळीपर्यंत टिकली, मग योहानाची पानं सुटी झाली (सर्वांत जास्त उघडली तीच, हेही खरं). ग्रीक अक्षरं दोन आठवड्यांत लागतात. पण खालचं इंग्रजी सलग वाचायला जाऊ नका, कारण शब्दांचा क्रम ग्रीकचा आहे. योहान 3:16 उघडलं की 'असं कारण प्रीती केली देवाने जगावर' या थाटाचं काहीतरी हाती येतं.

त्याच वचनाने मला पहिला धक्का दिला. सुरुवातीचा शब्द 'हूतोस', म्हणजे मुख्यतः 'अशा रीतीने'. 1611 च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमध्ये तिथे 'सो' आहे, आणि त्या काळच्या इंग्रजीत 'सो'चा हाही अर्थ सरळ होता. आज इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र 'इतकी, एवढी' असंच ऐकू येतं. आपण लहानपणापासून पाठ केलंय तेही 'एवढी प्रीती केली की'. प्रीतीचं माप सांगितलंय की तिची रीत, हा प्रश्न वीस वर्षं वचन म्हणूनही माझ्या डोक्यात आला नव्हता.

सूचीचा खरा उपयोग मला 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दावर झाला. क्रमांक 1577. किंग जेम्समध्ये जवळपास सगळीकडे 'चर्च'. पण प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसच्या नाट्यगृहात अर्तमी देवीच्या नावाने दोन तास ओरडणारा जमाव आहे, त्यालाही हाच शब्द. तिथे इंग्रजी मुकाट्याने 'असेंब्ली' होतं. क्रमांक नसता तर हे दोन्ही एकच, असं मला कधीच कळलं नसतं. विल्यम टिंडेलने 1526 मध्ये आपल्या इंग्रजी नव्या करारात 'काँग्रिगेशन' लिहिलं होतं, म्हणजे जमलेली माणसं. जुन्या चर्चचा कैवारी, इंग्लंडचा विद्वान थॉमस मोर त्यावर तुटून पडला. कारण 'चर्च' गेलं की त्या शब्दाच्या आधारावर उभा असलेला धर्माधिकाऱ्यांचा अधिकारही डळमळतो. पाखंडी ठरवून 1536 मध्ये टिंडेलला मारलं, आणि पुढे किंग जेम्सच्या भाषांतरकारांना जे नियम दिले त्यात स्पष्ट होतं की जुने चर्ची शब्द ठेवा, 'चर्च'चं 'काँग्रिगेशन' करू नका. आपण मराठीत सहज 'मंडळी' म्हणतो. टिंडेलला हवं होतं ते आपल्याला वाद न घालता मिळालं, याची मला गंमत वाटते.

आता माझी फजिती. 'अगापे' म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रीती आणि 'फिलेओ' म्हणजे मैत्रीची माया, असं मी नव्या उत्साहात एका बुधवारी ठासून सांगितलं. योहान 21 मध्ये येशू पेत्राला पहिल्या दोन वेळा 'अगापाओ' क्रियापदाने विचारतो, पेत्र तिन्ही वेळा 'फिलेओ'ने उत्तर देतो आणि तिसऱ्यांदा येशूच 'फिलेओ'वर उतरतो. प्रवचनाला याहून चांगला मसाला कुठे मिळणार! मागे बसलेल्या एका निवृत्त बाईंनी शांतपणे 2 तीमथ्य 4:10 काढायला लावलं. देमास प्रेषित पौलाला सोडून गेला, का? तर त्याने या जगावर 'अगापे' केली. क्रियापद तेच. मग म्हणाल्या, आता योहान 3:35 आणि 5:20 शेजारी ठेवा. पिता पुत्रावर प्रीती करतो, एकदा 'अगापाओ', एकदा 'फिलेओ'. माझा चहा गार झाला. इंग्रजी भाषांतरांनाही याचा निकाल लावता आलेला नाही. एनआयव्ही या आधुनिक इंग्रजी भाषांतराच्या 1984 च्या आवृत्तीत पहिल्या दोन प्रश्नांत 'ट्रूली लव्ह' होतं, 2011 मध्ये 'ट्रूली' काढून टाकलं.

चूक सूचीची नव्हती, मी तिचा अर्थकोश केला ही होती. स्ट्राँगच्या नोंदीत आधी व्युत्पत्ती, मग थोडका अर्थ, आणि शेवटी किंग जेम्सने तो शब्द कसकसा भाषांतरित केला त्याची यादी. म्हणजे मूळ अर्थ शोधायला गेलेला माणूस फिरून 1611 च्या इंग्रजीतच येऊन पडतो. व्युत्पत्तीचा मोह तर त्याहून वाईट. 'दुनामिस' म्हणजे सामर्थ्य, त्यावरून डायनामाइट आलं, म्हणून पौलाचं सामर्थ्य सुरुंगासारखं, हे मी स्वतः ऐकलंय. डायनामाइट निघालं 1867 मध्ये, पौल गेल्याला तेव्हा अठराशे वर्षं झाली होती.

काही शब्दांपुढे हे पुस्तक हात टेकतं, आणि तिथे ते मला सर्वांत आवडतं. योहान 3:3 मधला 'अनोथेन' म्हणजे 'पुन्हा' आणि 'वरून' दोन्ही. येशूशी बोलायला आलेला निकदेम 'पुन्हा' ऐकतो आणि आईच्या उदरात कसं शिरू असं विचारतो. येशूच्या मनात बहुधा 'वरून' आहे. ही गफलत ग्रीकमध्ये एका शब्दात घडते, इंग्रजीला एक बाजू निवडून दुसरी समासात टाकावी लागते. प्रभूच्या प्रार्थनेतल्या 'रोजच्या' भाकरीचा 'एपिऊसिओस' तर एवढा दुर्मीळ की बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोम याने लॅटिनमध्ये मत्तयात एक प्रतिशब्द दिला आणि लूकमध्ये वेगळाच.

घ्यावं का? अभ्यास घ्यायची पाळी येत असेल तर घ्या, पण शेजारी दोन-तीन इंग्रजी भाषांतरं आणि आपलं पवित्र शास्त्र उघडं ठेवा. क्रमांक 2717 शोधत बसू नका, स्ट्राँगच्या सूचीत तो नाहीच. मी अख्खी संध्याकाळ घालवली. सुटी झालेली पानं आता शिवून घेतली आहेत. पुढच्या बुधवारी निकदेम आहे, आणि त्या बाई पहिल्या रांगेत बसायला लागल्या आहेत.