ट्रेलर ओढताना अ‍ॅव्हरेज आणि गिअरबॉक्स : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. गाडी ३ लिटर डिझेल एसयूव्ही, ८ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक (कन्व्हर्टरबद्दल पुढे सांगतो), मागे ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरची राहायची खोली) जो सामान भरल्यावर २००० किलोच्या आसपास जातो, आणि माणसं-सामानासकट सगळं मिळून साधारण ४२०० किलो. याआधी हाच ट्रेलर ६ गिअर ऑटोमॅटिकच्या पेट्रोल गाडीने ओढलाय, टर्बो नसलेलं व्ही६ इंजिन, त्यामुळे तुलना ऐकीव नाही.

इतके महिने वापरून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीये. ट्रेलर मागे असताना अ‍ॅव्हरेज ठरतं ते स्पीडवर, आणि गिअर निवडायचा तो गिअरबॉक्सच्या तब्येतीसाठी. लोक या दोन्हीची सरमिसळ करतात, "टॉप गिअरमध्येच राहू दे, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) कमी म्हणजे डिझेल कमी" असं म्हणतात, जे एकट्या गाडीला बरोबर आहे पण मागे भिंतीसारखा ट्रेलर लागला की हिशोब बदलतो.

आधी अ‍ॅव्हरेज. एकटी गाडी हायवेला लिटरमागे १२ किलोमीटरच्या आसपास देते. ट्रेलर लावून १०५ च्या स्पीडने गेलो तर ६.४-६.५, ९० ने गेलो तर ७.८, आणि ८० धरून चाललो तर ८.५ च्या वर. हे सगळं टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं, डिस्प्लेवरचा आकडा ट्रेलर असताना कायम थोडा जास्तच दाखवतो म्हणून त्याच्यावर विसंबलो नाही. म्हणजे १०५ वरून ९० वर आलं की प्रत्येक १०० किलोमीटरला जवळपास पावणेतीन लिटर वाचतात, आणि तेवढं अंतर कापायला दहाच मिनिटं जास्त लागतात. मला तर हा सौदा फायद्याचा वाटतो.

कारण काय तर हवा. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनाने. ९० वरून १०५ म्हणजे स्पीड १७ टक्केच वाढला पण हवेचा विरोध ३६ टक्के वाढला. त्यात ट्रेलरचं तोंड गाडीच्या छताच्या वर आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेलं असतं, पाठ चपटी, खाली चाकं-एक्सल उघडे. वजनाचं ओझं सपाट रस्त्यावर लोकांना वाटतं तेवढं नसतं, ४२०० किलोला टायरचा विरोध साधारण ५०० न्यूटन धरा, तर ९० च्या स्पीडला हवेचा विरोध त्याच्या दुप्पट भरतो. म्हणून सपाटीवर ट्रेलरमधून १०० किलो सामान काढलं तरी अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही, पण स्पीड १० ने कमी केला की लगेच हलतं. समोरून २५ च्या स्पीडचा वारा असेल तर ९० ला चालणाऱ्या गाडीला तो ११५ चा वारा असतो, विरोध दीडपटीच्याही वर, अशा दिवशी ६ च्या खाली आकडा गेला तरी इंजिनमध्ये काही बिघाड शोधू नका.

वजन खरं कळतं ते चढावर. ६ टक्के चढ म्हणजे दर १०० मीटरला ६ मीटर वर, ४२०० किलोला नुसतं वर उचलायला सुमारे २५०० न्यूटन लागतात, ७० च्या स्पीडने चढायचं तर ४८ किलोवॅट, हवा आणि टायर वेगळे. म्हणून डोंगराळ भागात जाताना पाण्याची टाकी रिकामी ठेवतो, १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, मुक्कामाच्या जवळ भरलं की झालं. फक्त सामान काढताना-घालताना हिचवरचा (गाडी-ट्रेलरच्या जोडावरचा) भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत राहील एवढं बघायचं, माझ्या ट्रेलरला तेवढा लागतो, तुमच्या गाडीची आणि हिचची मर्यादा वेगळी असू शकते ती पुस्तकात बघा. मागे वजन जास्त झालं की ट्रेलर झुलायला लागतो, आणि त्यापुढे अ‍ॅव्हरेजचा विषयच राहत नाही.

आता गिअरबॉक्स, ज्याच्यासाठी खरं हे लिहायला बसलो.

या गाडीत झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा ८एचपी आहे, हा २००९ मध्ये आला आणि तेव्हापासून कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसतो. रेशो (गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनचे किती फेरे लागतात) असे : ४.७१, ३.१४, २.११, १.६७, १.२९, १.००, ०.८४, ०.६७. म्हणजे सहावा गिअर थेट, सातवा-आठवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे तो शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो. ९० ला आठव्यात माझं इंजिन १३५० आरपीएमवर असतं, सातव्यात १७०० च्या आसपास, सहाव्यात २०००. ट्रेलर असताना मी आठवा गिअर बंदच ठेवतो. सपाटीवर, वारा नसताना तो ओढतो, नाही असं नाही, पण हातात शिल्लक काही राहत नाही, दोन-तीन टक्क्यांचा चढ आला, जो डोळ्यांना दिसतही नाही, की लगेच सातवा, मग परत आठवा, मग सातवा, दिवसभर हेच चालतं. प्रत्येक वेळी लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणारा) सुटतो, परत धरतो, आणि तेल तापतं. सातव्यात ठेवलं तर शांत चालतं. अ‍ॅव्हरेजमधला फरक किती? एकदम सपाट रस्त्यावर ०.२ च्या आसपास मिळाला, जरा चढउताराच्या रस्त्यावर काहीच नाही, कारण आठव्यात जे वाचतं ते वरखाली करण्यात जातं. आणि डिझेल इंजिन भारावर असताना १७००-२००० ला काही उधळपट्टी करत नाही, उलट तिथे ते खुशीत असतं.

लॉक-अपबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण बऱ्याच जणांना गाडी विकत घेताना हे कोणी सांगत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेलातून ताकद जाते, सुटताना हे वरदान आहे, टॉर्क (फिरवायचा जोर) दुपटीच्या जवळ वाढवून मिळतो, चढावर ट्रेलर घेऊन उभं राहून सुटायचं असेल तर याच्यासारखं काही नाही. पण चालताना तेवढीच घसरण राहिली तर तिची उष्णता होते. एकदा लॉक-अप क्लच धरला की घसरण संपली. समजा चढावर ६० किलोवॅट जाताहेत आणि कन्व्हर्टर १० टक्के घसरतोय, तर ६ किलोवॅट सरळ तेलात, म्हणजे २ किलोवॅटचे तीन गीझर गिअरबॉक्समध्ये चालू. छोट्या कूलरला हे झेपत नाही. म्हणून चढावर मुद्दा एवढाच की असा गिअर पकडायचा ज्यात लॉक-अप टिकून राहील.

मी ओबीडीचा डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघत असतो. सपाटीवर सातव्यात ८५ ते ९० अंश. लांब चढावर गाडीला तिच्या मर्जीवर सोडलं की ती उंच गिअरमध्ये लॉक-अप सोडून रेटत बसते, तेव्हा ११० च्या वर जातं. तोच चढ आधीच चौथ्यात टाकून, ६०-६५ च्या स्पीडने, २२००-२३०० आरपीएमवर चढलो की ९८-१०० ला थांबतं. आवाज वाढतो, शेजारी बसलेल्यांना वाटतं इंजिनला त्रास होतोय, पण प्रत्यक्षात सगळ्यात आरामात तेव्हाच असतं सगळं, पाण्याचा पंप जास्त फिरतो, तेलाचा पंप जास्त फिरतो, थंड व्हायला मदत होते. १२० च्या वर तेल राहू लागलं की त्याचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, त्यामुळे ११० दिसलं की मी स्पीड कमी करतो, एक गिअर खाली, वाट बघत नाही.

टो मोडचं (ट्रेलर ओढण्यासाठीच्या सेटिंगचं) बटण आहे तर दाबाच. ते गिअर उशिरा चढवतं, वरखाली कमी करतं, आणि उतारावर ब्रेक दाबला की स्वतःहून खालचा गिअर टाकतं. उतारावर हे फार कामाचं. खालच्या गिअरमध्ये पाय काढलेला असताना इंजिनमध्ये डिझेल जातच नाही, इंजेक्शन बंद होतं, म्हणजे आरपीएम ३००० दिसत असला तरी खर्च शून्य, त्यामुळे न्यूट्रलमध्ये टाकून उतरण्याचा विचारही करू नका, डिझेल त्याने वाचत नाही आणि ब्रेक जळतात. पण टो मोडलाही पुढचा रस्ता दिसत नाही, आपल्याला दिसतो, म्हणून घाट सुरू व्हायच्या आधी गिअर हाताने टाकायची सवय मी ठेवलीये. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला स्पीड आपोआप धरणारं) फक्त सपाटीला, चढउतारावर ते स्पीड धरून ठेवायच्या नादात दोन-दोन गिअर खाली मारतं, तिथे पायाने चालवून चढावर ५-७ किलोमीटरचा स्पीड जाऊ दिला तर अ‍ॅव्हरेजही सुधारतं.

जुन्या ६ गिअरशी तुलना. पेट्रोलमध्ये ९० च्या स्पीडला साडेपाच मिळायचे. यात इंधनाचाही वाटा आहे, एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त ऊर्जा असते, शिवाय डिझेल इंजिनची कार्यक्षमता जास्त, आणि बिनटर्बोचं इंजिन दर १००० मीटर उंचीला साधारण १० टक्के ताकद गमावतं. पण चालवताना खरा फरक जाणवायचा तो गिअरमधल्या अंतराचा. ६ गिअरच्या बॉक्समध्ये, उदाहरणार्थ झेडएफच्याच ६एचपीमध्ये, दुसरा २.३४ आणि तिसरा १.५२, म्हणजे तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकलं की आरपीएम एकदम दीडपट. खड्या चढावर तिसऱ्यात दम नाही आणि दुसऱ्यात किंचाळतंय, मधलं काही नाही. ८ गिअरमध्ये त्याच भागात २.११, १.६७, १.२९ आहेत, त्यामुळे पाहिजे तो आरपीएम मिळतो. म्हणून गिअर किती यापेक्षा मधल्या गिअरमधली पायरी केवढी हे बघा. १० गिअरवाले, जसे फोर्ड आणि जीएमने मिळून केलेले, त्यात वरचे ०.६९ आणि ०.६४ आहेत, ट्रेलर लावून ते क्वचितच कामाला येतील, फायदा मधल्या पायऱ्यांचा.

एक्सल रेशोवरून (गिअरबॉक्सनंतर चाकांच्या एक्सलवर असलेल्या गिअरच्या रेशोवरून) खूप वाद घालतात लोक. ३.२१ घ्यावा की ३.९२? फरक २२ टक्क्यांचा, म्हणजे ८ गिअरच्या बॉक्समध्ये साधारण एका गिअरएवढा. चालत्या गाडीत ३.९२ वाली जे सातव्यात करेल ते ३.२१ वाली सहाव्यात करेल, अ‍ॅव्हरेजही जवळपास तेच. खरा फरक पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये, कारण त्याच्या खाली जायला गिअरच नसतो. चढावर ट्रेलर मागे ढकलत पार्क करायचा असेल तर मोठ्या आकड्याची किंमत कळते. वजन जास्त असेल तर मोठा आकडा घ्या, २००० किलोपर्यंत मधला पुरे.

बाकीच्या गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. मॅन्युअलला चालताना काही तोटा नाही, पण चढावर रिव्हर्स करताना क्लच एवढा घासतो की वास येतो, आणि बऱ्याच गाड्यांत मॅन्युअलला ओढायची परवानगी ऑटोमॅटिकपेक्षा कमी दिलेली असते. डीसीटीमध्ये (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये) टॉर्क कन्व्हर्टर नाही, मुंगीच्या पावलाने सरकताना क्लचच घासतो, ड्राय क्लचवाली (क्लच तेलात नसलेली) असेल तर मी तरी ट्रेलरला घेणार नाही. बेल्टवाली सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) हलक्या, ७००-८०० किलोच्या छोट्या ट्रेलरला ठीक, त्याच्या वर नको. हायब्रिड सपाटीला चांगल्या, पण लांब चढावर बॅटरी संपली की उरलेलं छोटं इंजिन एकटंच ओढतं, तेव्हा तिची ताकद त्या इंजिनाएवढीच धरा.

देखभालीत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. "गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं" असं कुठेही लिहिलेलं असलं तरी ट्रेलर ओढणाऱ्याने ते खरं मानू नये, झेडएफ स्वतः त्यांच्या बॉक्सला ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला असं सांगते, भारी वापरात त्याच्याही आधी. मी ६०,००० ला बदलणार, पॅनसकट (खालच्या तेलाच्या तबकासकट), कारण यात फिल्टर पॅनमध्येच असतो. ट्रेलरच्या टायरची हवा गार असताना दर वेळी तपासतो, कमी हवेने अ‍ॅव्हरेज जातंच पण टायर तापून फुटायची भीती मोठी.

नवी गाडी बघायला जाल तर टेस्ट ड्राइव्हमध्ये एक करून बघा. मॅन्युअल मोडमध्ये पाचवा टाका आणि पाय दाबून सोडा. काही गाड्या तो गिअर खरोखर धरून ठेवतात, काही फक्त "पाचव्याच्या वर जाणार नाही" एवढंच ऐकतात आणि खाली मनाला येईल तसं करतात. दुसऱ्या प्रकारानेही काम भागतं, पण चढावर आधीच गिअर ठरवून चालवायचं असेल तर पहिला प्रकार हवा. आणि तेलाचं तापमान डिस्प्लेवर दिसतं का तेही विचारा, नसेल तर डोंगल घेऊन ठेवा.